अंधाराचे उमेदवार

दिवाळीच्या अंकात अंधाराची गोष्ट सांगणे थोडे अप्रशस्तच. पण आमच्या तळवलीच्या घरात गेली चार वर्षे दुसरा विषय नाही. माझी मुलगी पुण्याला आयुकात संशोधन करते. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. मुलीचा विषय आहे कृष्णद्रव्य!

विश्वाच्या एकंदर ऐवजात हे द्रव्य सुमारे २७ टक्के. तारे, पृथ्वी, तुम्ही-आम्ही मिळून जेमतेम ५. ते दिसत नाही, पण त्याची ओढ कळते. १९३३ साली झ्विकी यांना दीर्घिकांच्या वेगावरून त्याचा सुगावा लागला. ते कसल्या कणांचे, हे मात्र अजून कोणालाच ठाऊक नाही. उमेदवार पुष्कळ, निवड व्हायची आहे.

म्हणून मुलगी संगणकात विश्व मांडते. कण अमुक वजनाचा मानायचा, कोट्यवधी ठिपके सोडायचे आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब करीत जायचे. कण चपळ असले तर लहान गुठळ्या बांधल्याच जात नाहीत. मंद असले तर भरपूर होतात. ते चित्र मग आकाशाशी ताडायचे. ही युक्ती संगणकाहून जुनी, बरे का! १९४१ साली स्वीडनच्या होल्मबर्गने ७४ दिवे मांडून दोन दीर्घिकांची भेट घडवली. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, आणि गुरुत्वाकर्षणही!

गेल्या दिवाळीत एका कंपनीचे दुप्पट पगाराचे पत्र आले. तिची आई म्हणाली, "आणि तुझा कण सापडलाच नाही तर गं? सगळी वर्षं पाण्यात?"

"आई, १९८३ साली अशाच हिशेबाने न्यूट्रिनोचं नाव मागे पडलं. ज्यांनी ते खोडलं, त्यांची वर्षं काय पाण्यात गेली?"

ही गप्प झाली. पण पटलेले दिसले नाही. मलाही घराचे हप्ते आठवत होते. शेजारच्या आगरी आजींची भातखाचरे नव्या शहराखाली केव्हाच गेली. तरी पहिला पाऊस आला की त्यांना लावणीची घाई होते. न दिसणाऱ्याची ओढ ही अशी. तिला पगाराची दोरी कशी बांधणार? मी म्हटले, "पत्राचे उत्तर तुझे तूच दे."

तिने नकार कळवला. संगणकाला दिवाळीची सुट्टी नसते. पाडव्यालाच ती पुण्याला निघाली. तिच्या आईने फराळाच्या डब्यात चार करंज्या जास्त घातल्या. बोलली मात्र काही नाही.