मोजून घ्यावे, मोजून द्यावे

गोंदिया जंक्शनावर छोटी लाईन आणि मोठी लाईन जेथे एकमेकींच्या शेजारी येत, त्या मालधक्क्यावर माझ्या वडिलांची उमेदीची सारी वर्षे गेली. नैनपूर-बालाघाटकडून अडीच फुटी रुळांवरून येणाऱ्या लहान वाघिणीतला माल तेथे उतरायचा आणि हावडा-मुंबई मार्गाच्या साडेपाच फुटी रुळांवर उभ्या असलेल्या मोठ्या वाघिणीत चढायचा; आणि या उतरण्या-चढण्याच्या मधल्या दहा-पंधरा पावलांत पोते फाटू नये, गळू नये, एकाचे दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ नये, एवढीच त्यांच्या नोकरीची जबाबदारी होती. पोत्यात धान आहे की मोह, तेंदूपत्त्याची प्रत चांगली की वाईट, याची चौकशी करण्याचा त्यांना अधिकार नव्हता आणि त्यांनी ती कधी केलीही नाही. "मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, मधात आपली अक्कल चालवायची नाही," असे ते म्हणत, आणि त्या वाक्यात एका आयुष्याचे इमान सामावलेले होते, हे मला फार उशिरा कळले.

वडील गेले, छोटी लाईनही गेली. आता थेट जबलपूरपर्यंत रुंद रूळ झाले आहेत. मी रेडिओदुरुस्तीच्या धंद्यात पडलो, रेडिओमागून टेपरेकॉर्डर आला, त्यामागून सीडी आली, आणि या सर्व स्थित्यंतरांतून माझे टेबल, माझे सोल्डरिंग आयर्न आणि माझे गिऱ्हाईक टिकून राहिले. घरच्या ध्वनियंत्रणेतील ज्या उपकरणाला रसिक मंडळी 'ट्रान्सपोर्ट' म्हणतात, त्याविषयी कोणी सल्ला विचारू लागले की मला प्रथम तो मालधक्का आठवतो. कारण या यंत्राचे कर्तव्य माझ्या वडिलांच्या कर्तव्याहून तिळमात्र निराळे नाही. तबकडीवर नोंदलेले आकडे उचलावयाचे आणि जसेच्या तसे पुढच्या यंत्राच्या, म्हणजे डॅकच्या, हवाली करावयाचे. आकड्यांचा नाद करणे हे डॅकचे काम, नादाला बळ देणे ॲम्प्लिफायरचे, आणि तो खोलीत पसरविणे स्पीकरचे. वाहतूक करणाऱ्याने मालाला गोडी आणण्याच्या भानगडीत पडू नये.

१९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी संयुक्त संशोधनातून ही तबकडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या रचनेतच या वाहतुकीच्या अडचणींचा विचार पुरता केलेला होता. गाण्याच्या प्रत्येक सेकंदाची ४४,१०० मापे, तीही डाव्या-उजव्या बाजूंची वेगवेगळी, एका सर्पिल रेषेत सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरलेली असतात. त्या रेषेचे एक वळण दुसऱ्यापासून अवघ्या १.६ मायक्रॉनवर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या रुंदीत अशी चाळीसएक वळणे सहज मावावीत. ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट ही तबकडी आतून बाहेर वाचली जाते, आणि वाचनाची चाल सारखी राहावी म्हणून आरंभी मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेणारी तबकडी शेवटी दोनशेच्या आसपास येते. एवढ्या नाजूक कारभारात धुळीचा एक कण किंवा नखाचा एक ओरखडा पुरे. परंतु योजकांनी येथे एक अशी तजवीज केली आहे की जिचे मला चाळीस वर्षे कौतुक वाटत आले आहे. मापे ज्या क्रमाने घेतली गेली त्या क्रमाने ती लिहिलेलीच नाहीत. एका क्षणाचा माल रेषेवर दूरदूर विखरून ठेवला आहे. शहाणा मालकारकून एकाच व्यापाऱ्याची सारी पोती एका वाघिणीत न भरता अनेक वाघिणींत थोडी थोडी भरील, तर एखादी वाघीण मार्गात रखडली तरी कोणाही एकाचे दिवाळे निघणार नाही. तसाच हा हिशेब. शिवाय मालाच्या दर २४ बाइटांसोबत ८ बाइट साक्षीदार म्हणून धाडलेले असतात, आणि त्यांच्या जबानीवरून हरवलेला आकडा बहुधा बिनचूक परत उभा करता येतो. रेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट अशी भरून निघते. त्यापुढे मात्र यंत्र अंदाजाने मधली जागा बुजवू लागते, आणि अंदाज म्हणजे वडिलांच्या भाषेत अक्कल चालवणे.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे स्वस्त यंत्राविषयीचा पुष्कळसा संभ्रम आपोआप दूर होतो. ज्या यंत्राची लेन्स निरोगी आहे आणि ज्याची चाल स्थिर आहे, ते हजाराचे असो की लाखाचे, सुस्थितीतल्या तबकडीवरून तेच आकडे उचलते. आणि ते आकडे कोणत्या तालाने येतात यात राहिलेली बारीकशी कुचराई आजचे बहुतेक डॅक आपल्या घड्याळाने सावरून घेतात. महाग यंत्राचा पैसा धातूच्या पेटीत, शांत चालणाऱ्या खणात आणि टिकाऊपणात असतो, आणि ज्याला तो परवडतो त्याने तो अवश्य द्यावा. परंतु ज्याला परवडत नाही त्याच्या घरचे गाणे म्हणून उणे राहते, असे सांगणारा मनुष्य मला प्रामाणिक वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमगावकडचे एक तरुण शिक्षक दुकानात आले. त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत दीडदोनशे तबकड्या होत्या: भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, पुष्कळसे नाट्यसंगीत आणि गीतरामायणाचा संपूर्ण संच. ॲम्प्लिफायर व स्पीकर घरी होते, लहानसा डॅकही त्यांनी घेतला होता. अडले होते ते वाचणाऱ्या यंत्रापाशी, कारण शहरातल्या एका दुकानाने त्यांना चाळीस हजारांच्या खाली काही घेऊच नका म्हणून बजावले होते. "काकाजी, सहा हजारांच्या वर माझं जात नाही जी," असे म्हणून त्यांनी पैसे माझ्यापाशी ठेवले, आणि रविवारी त्यांच्यासमक्षच परीक्षा करू, असे मी त्यांना सांगितले.

रविवारी टेबलावर तीन जुनी यंत्रे मांडली: दोन डीव्हीडी प्लेअर आणि एक सीडी प्लेअर, तिघांच्याही पाठीला डिजिटल कोॲक्सिअलचे, म्हणजे आकडे डॅककडे नेणाऱ्या तारेचे, भोक होते, आणि ते नसेल तर पुढची चौकशीच व्यर्थ. पहिल्या डीव्हीडी यंत्रात विकणाऱ्याने चित्रपट लावून दाखविला होता आणि तो सुरेख चालला होता. मी त्यात सीडी घातली, तर ती अर्धे मिनिट फिरून थांबली. डीव्हीडीसाठी आणि सीडीसाठी लेसर वेगवेगळ्या जातीचा लागतो, अशा यंत्रात दोन्ही असतात, आणि एक धडधाकट असताना दुसरा आसन्नमरण असू शकतो. म्हणून यंत्र गाण्यासाठी घ्यावयाचे तर गाण्याच्या तबकडीनेच पारखावे. दुसऱ्याने सीडी ताबडतोब वाचली, परंतु डॅकच्या तोंडावर ४४.१चा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० मापांचा, दिवा लागावयाच्या ऐवजी ४८चा लागला; म्हणजे हे महाशय माल नुसता नेत नव्हते, वाटेत पोती उसवून नव्या मापाने भरीत होते. यादीतून सेटिंग बदलूनही त्यांची खोड गेली नाही, तेव्हा त्यांनाही बाजूला ठेवले.

उरला सीडी प्लेअर. त्याचा खण उघडताना अडखळत होता, कारण आतला रबरी पट्टा सैल पडला होता; हा दोष क्षुल्लक होय, परंतु विकणारा त्यापायी किंमत उतरवितो, हा लाभ. झाकण काढून तबकडी न घालताच यंत्र चालू केले आणि बाजूने पाहिले: हिरवट झाक असलेले मसुराएवढे भिंग वर-खाली होऊन तबकडीचा ठाव शोधू लागले. सीडीचा लेसर अवरक्त असतो, त्याचे तेज डोळ्याला उमगत नाही, म्हणून त्याच्यावर समोरून कधीही वाकू नये. भिंगावर पांढुरकी साय धरलेली होती. गोंदियाच्या आसमंतात राईस मिलांचा इतका व्याप आहे की मिलजवळच्या घरातून आलेल्या कोणत्याही यंत्रात कोंड्याची ही साय सापडतेच. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन, दाब न देता, मधून कडेकडे पुसले की निम्मी यंत्रे पुन्हा वाचू लागतात. हेही वाचू लागले. मग शेवटचे गाणे लावले, कारण तेथे पोहोचावयाला लेन्सच्या गाडीला सबंध रूळ ओलांडावा लागतो आणि वाळलेले ग्रीस असेल तर ती तेथेच रखडते. मग पेटीतली सर्वांत ओरखडलेली तबकडी लावली. ४४.१चा दिवा लागला तो विझला नाही.

अखेरची परीक्षा आमच्या संगीताची आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेत विलंबित आणि द्रुत पुष्कळदा दोन निराळे क्रमांक म्हणून नोंदलेले असतात, पण गाणे मध्ये थांबलेले नसते. तानपुरा वाजतच असतो. कित्येक यंत्रे, विशेषतः काही डीव्हीडी प्लेअर, या सांध्यावर क्षणभर मुके होतात, आणि गायकाने अर्धा तास परिश्रमाने उभे केलेले वातावरण त्या एका क्षणात ढासळते. मी विलंबिताचे शेवटचे मिनिट लावून ठेवले. सांधा आला, गेला. तानपुऱ्याची तार तुटली नाही. शिक्षक काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी मान हलविली.

आता या यंत्राचीच शिफारस मी का केली, त्याचे खरे कारण सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याच सल्ल्याने एका गृहस्थांनी परदेशी बनावटीचा एक उंची ट्रान्सपोर्ट घेतला होता. सातव्या वर्षी त्याची लेन्स गेली. विक्रेत्याने लिहून कळविले की तो भाग आता निघत नाही, आणि ती देखणी पेटी आजही त्यांच्या कपाटात निश्चेष्ट पडून आहे. तो सल्ला चुकीचा होता, आणि त्या दिवसापासून मी शिरस्ता बदलला: झाकण उघडून लेन्सचा क्रमांक वाचल्याखेरीज यंत्राला हो म्हणावयाचे नाही. सोनीची केएसएस-२१३ किंवा सान्योची एसएफ-पी१०१ यांसारखी असंख्य यंत्रांत बसणारी लेन्स असेल, तर ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आजही मागविता येते; या यंत्रात अशीच लेन्स होती. नकला पुष्कळ आहेत, म्हणून दोन मागवाव्यात आणि चांगली निघेल ती ठेवावी. नवी लेन्स बसविणाऱ्यानेही एक गोष्ट विसरू नये. स्थिर विजेने लेसर जळू नये यासाठी कारखान्यात तिच्या पट्टीवर कथिलाचा एक बारीक डाग देऊन दोन टोके जोडलेली असतात. रिबन केबल खोचल्यानंतर तो डाग उतरवावा लागतो. आरंभीच्या काळात मी तो तसाच ठेवून एक निर्दोष लेन्स मृत म्हणून परत धाडली होती.

घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की यंत्राच्या दर्शनी भागावर आणि जाहिरातीतल्या विशेषणांवर पैसा घालू नका. कोॲक्सिअलचे भोक, ४४.१चा दिवा, अखंड सांधा आणि बाजारात मिळणारी लेन्स, या चार गोष्टी ज्यात आहेत ते यंत्र घ्या. जादा लेन्स आजच घेऊन ठेवा, कारण ती उद्या मिळेलच याची हमी कोणी देत नाही. आणि वाचलेला पैसा स्पीकरकडे वळवा, कारण कानाला कळणारा भेद तेथे आहे. जे दुरुस्त होऊ शकते तेच माझ्या लेखी स्वस्त.

त्या रविवारचा जमाखर्च असा झाला: यंत्र १,८०० रुपये, खणाचा पट्टा ३०, केबल ३५०, जादा लेन्स ७००, माझी मजुरी १५०. उरलेले २,९७० रुपये मी त्यांच्यासमोर मोजले आणि त्यांच्या हाती दिले.