होडी विकतांना

गेल्या रविवारीं सकाळीं माझी होडी चिखलीच्या शेडांतून बाहेर निघाली आणि ट्रेलरवर बसून मुंबईच्या वाटेला लागली. पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांना ट्रेलरचें कौतुक नाहीं. चाकणच्या कारखान्यांतल्या कोऱ्या मोटारी त्यांवरून रोज मिरवत जातात. परंतु डोलकाठी आडवी बांधलेली २२ फुटांची शिडाची होडी देशावर पाहून एका रिक्षावाल्यानें रिक्षा थांबविली आणि विचारलें, "काका, ही इथं कुठून आली?" प्रश्न रास्त होता. मीहि तो स्वतःला सात वर्षें विचारीत आलों आहें.

मीं ती घेतली तेव्हां ती तिशी उलटलेली होती. मुंबईस एका बंदरकांठीं ती पावसाळे खात पडली होती. पण विकणाऱ्यानें तिला पांढराशुभ्र रंग देऊन ठेवला होता, आणि त्या रंगाला मी भुललों. घरीं आणल्यावर तिसऱ्या दिवशीं डेकवर हातोडीनें ठोकून पाहिलें. 'टण्' आवाज यावा तेथें 'बद्द' आवाज आला. फायबरच्या दोन थरांमध्यें लांकूड असतें. एखाद्या बोल्टाच्या भोंकांतून पाणी आंत शिरलें कीं बाहेरून कांहीं न दिसतां तें कुजत जातें. माझ्या होडीचा निम्मा डेक असा कुजला होता. त्या रात्रीं विकणाऱ्याविषयीं माझ्या मनांत जे विचार आले, ते येथें लिहिण्याजोगे नाहींत.

पुढचीं तीन वर्षें माझे सर्व रविवार त्या शेडांत गेले. शेजारीं मला मनु म्हणूं लागले. पावसाळ्यांत धरणांतून पाणी सोडलें आणि पवनेला पूर आला, कीं कोणीतरी हटकून विचारी, "मग काय, आम्हांला जागा ठेवलीत ना?" आमच्या सौभाग्यवतींनीं थट्टा केली नाहीं. त्यांनीं एक वही आणून दिली आणि प्रत्येक खर्च तींत लिहावयाची अट घातली. थट्टा यापेक्षां पुष्कळ सौम्य असते.

समुद्रापासून दूर राहण्याचा एक फायदा मात्र झाला. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवावयाच्या, त्या मुंबईस मिळत त्याच्या निम्म्या दामांत मीं भोसरीस करवून घेतल्या. तेथील लेथवाल्या मिस्त्रींनीं जन्मांत समुद्र पाहिलेला नव्हता. एकदां एक पिन केसभर बारीक झाली. मीं म्हटलें, "चालेल कीं." त्यांनीं ती भंगाराच्या डब्यांत टाकली. म्हणाले, "साहेब, पाण्यात ह्याच्यावरच जीव ना तुमचा? मग चालेल कसं?" पुढें या वाक्यानें माझे चांगलेच पैसे घालविले, तें सांगतोंच.

जुनी होडी दुरुस्त करणें हें वेड खरें, पण त्याला थोर आधार आहेत. दापोडीचें लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आमच्या घरापासून दूर नाहीं. तेथें ज्या दलाचे अधिकारी शिकतात, त्याच इंजिनियर दलाच्या अधिकाऱ्यांनीं १९८५ ते १९८७ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यासाठीं त्यांनीं इंग्लंडमध्यें एक वापरलेली ३७ फुटी नौका विकत घेतली आणि तिचें नांव 'तृष्णा' ठेविलें. त्याआधीं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १९६८-६९ सालीं ३१२ दिवस कोठेंहि न थांबतां एकट्यानें जगाला वळसा घातला. असें करणारा तो पहिला मनुष्य. त्यांची 'सुहेली' मुंबईस सागवानांत बांधलेली, अवघी ३२ फुटांची होती. त्यांना हवी होती नवी, मोठी, पोलादी नौका. तिच्यासाठीं पैसा उभा राहिना, म्हणून ते 'सुहेली'च घेऊन निघाले. हें वाचून मला नेहमीं धीर येई. अर्थात् मी जगाला वळसा घातला नाहीं. दोन हिवाळे मांडव्याहून मुरुडपर्यंत गेलों, जंजिऱ्याच्या तटाजवळ नांगर टाकून निजलों, आणि पहाटे कोळ्यांच्या होड्यांच्या इंजिनांनीं जागा झालों. तेवढें मला पुष्कळ झालें.

मग गुडघे बोलूं लागले. नांगर ओढणें हें त्यांचें काम नव्हे, असें डॉक्टरांनींहि सांगितलें. पावसाळ्याकरितां होडी पुन्हां चिखलीस आणली आणि विकण्याचें ठरविलें. वहींतील बेरीज झाली सव्वा अकरा लाख. पाहावयास येणारे चार लाखांच्या वर चढेनात. आपल्या रविवारांची किंमत दुसऱ्यानें द्यावी ही अपेक्षा किती वेडगळ, तें तेव्हां उमगलें.

शेवटीं चाकणच्या एका कारखान्यांतील तरुण इंजिनियर पत्नीसह आला. दोघांनीं शिडें उलगडून पाहिलीं, तारांना हात लावला, डेकवर ठोकून पाहिलें. सर्वत्र 'टण्'. साडेपांच लाख ठरले. माझ्या मनांत मात्र एक जागा होती. डोलकाठीच्या पायाखालीं केबिनमध्यें एक तुळई आहे. पहिल्या वर्षीं, मला कांहीं कळत नव्हतें तेव्हां, मीं तींत साधें प्लायवूड घालून वरून फायबर चढविलें होतें. शिडांत वारा भरला कीं तारा ताणतात आणि डोलकाठीचा सारा दाब त्या तुळईवर येतो. ती खचली तर तारा सैल पडतात, आणि मग डोलकाठी केव्हां आडवी होईल याचा नेम नाहीं. दोन हिवाळे तिनें काढले होते. आणखी दहा काढील, किंवा एकहि काढणार नाहीं. ती जागा त्यांनीं ठोकली नव्हती. वर रंग पांढराशुभ्र होता, आणि तो मींच दिलेला होता.

चहा होईपर्यंत मी गप्प बसलों. विकणारा तो मनुष्य त्या दिवशीं असाच चहा पाजीत बसला होता, हें आठवलें. त्याच्यावरील माझा राग सात वर्षें ताजा होता; आणि आतां त्याच्याच खुर्चीवर बसून पाहतां ती फारशी टोंचत नव्हती, याची मला भीति वाटली. तेवढ्यांत मिस्त्रींची ती पिन डब्यांत पडल्याचा आवाज कानीं आला म्हणाना. मीं हातोडी उचलली, दोघांना केबिनमध्यें नेलें आणि सारें सांगितलें.

तरुण बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. "विचार करून कळवतो, काका," म्हणून दोघेंहि गेलीं. आठ दिवस कांहीं कळलें नाहीं. सौभाग्यवतींनीं इतकेंच म्हटलें, "सांगितलंत तें बरं केलंत. पण वहींत काय लिहूं?" नवव्या दिवशीं तो परत आला. तुळई नवी करण्याचा हिशेब त्यानें कागदावर मांडून आणला होता. साठ हजार कमी करून त्यानें होडी घेतली. हिशेब चोख होता. मला त्यांत एक रुपयाहि वाढवितां आला नाहीं.

होडी गेली त्या रात्रीं आठवलें कीं एक गोष्ट सांगावयाची राहिली : दमट हवेंत केबिनचें झांकण अडतें, तें डावीकडे जरा उचलून मग सरकवावें लागतें. मीं घाईघाईनें फोन केला. तो हंसून म्हणाला, "काका, ते आजच कळलं आम्हाला."

मीं फोन ठेवला आणि वही मिटली.