बास्केट पळत का नाही?

आमच्या आजोळी २००९ पासून एक भांडण चालू आहे. इस्टेटीचं नाही, एका स्पॅनिश माणसाचं. भांडणारे दोघे, माझे कोल्हापूरचे मामा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ. मी पंच. शिट्टी नाही, मानधन नाही, आणि निर्णय दिला तरी कुणी ऐकत नाही.

तो माणूस म्हणजे सर्जिओ बुस्केत्स, बार्सिलोना आणि स्पेनचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. मामा त्याला पहिल्या दिवसापासून 'बास्केट' म्हणतात. आधी उच्चार जमत नव्हता म्हणून, आता मुद्दाम.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात (मावशी, तू वाचते आहेस हे मला माहीत आहे). मागे बचाव करणारे चार, पुढे गोल करणारे हुशार लोक, आणि या दोघांच्या मधल्या पट्ट्यात हा एकटा उभा. समोरच्यांचा हल्ला उगवतानाच खुडायचा आणि मिळालेला चेंडू शांतपणे पुढच्या हुशारांकडे पोचवायचा. बुस्केत्सने बार्सिलोनासाठी ७२२ सामन्यांत १८ गोल केले. म्हणजे गोलांवरून या माणसाची परीक्षा करायला गेलात तर तो पहिलीतच नापास.

मामा स्वतः 'हाफ'. त्यांच्या वेळी कोल्हापुरात या जागेला हेच नाव होतं. ऐंशीच्या दशकात शाहू स्टेडियमवर खेळलेले. कुठल्या तालमीकडून ते इथे लिहीत नाही, नाहीतर उद्या दुसऱ्या पेठेतल्या नातेवाइकांचे फोन येतील. त्यांची कसोटी एकच. मॅच संपल्यावर हाफचा शर्ट धुणाऱ्या बाईने शिव्या दिल्या पाहिजेत. (मामींनी भरपूर दिल्या आहेत असं त्या सांगतात.) या कसोटीला उतरलेला त्यांचा देव म्हणजे क्लोद माकेलेले. पाच फूट सात इंचांचा, सगळीकडे पोचणारा, समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेऊन पुन्हा दिसेनासा होणारा. २००३ मध्ये रेआल माद्रिदने बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. पुढचे तीन हंगाम माद्रिदला लीग जिंकता आली नाही, आणि चेल्सीने २००४-०५ ची लीग ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन जिंकली. ही गोष्ट मामा सणावाराला सुद्धा सांगतात.

अशा माणसासमोर २००८ मध्ये हा वीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच, काडीपैलवान आला. वडील कार्लेस बुस्केत्स बार्सिलोनाचेच गोलकीपर, त्यामुळे 'वशिल्याचं पोरगं' हा शिक्का लगेच मारून झाला. वर्षभरापूर्वी तो ग्वार्डिओलाच्या हाताखाली बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघातून स्पेनच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता. आणि मे २००९ मध्ये रोमला मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलला हा मध्यभागी, आणि त्या जागेचा खरा दांडगा मालक याया तुरे बचावफळीत!

"अगं, पळतंय कुठं हे? बागेत फिरायला आल्यागत चाललंय," मामा.

"बाबा, त्याला पळावं लागत नाही," मामेभाऊ. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि ग्वार्डिओला हाच त्याचा विषय होता.

भांडणाचा नारळ फुटला तो असा.

पुढच्या वर्षी वर्ल्ड कप. १६ जून २०१० ला स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ हरलं. मी तेव्हा सुट्टीला कोल्हापुरात होते, ताटं वाढलेली, आणि मामा जेवायचे सोडून विजयी मुद्रेने बसलेले. स्पेनमध्येही ओरड झाली की बुस्केत्स आणि शाबी अलोन्सो असे दोन-दोन राखणदार कशाला, एकाला काढा. प्रशिक्षक देल बोस्के मात्र ढिम्म हलले नाहीत. उलट, आपण आज खेळाडू असतो तर बुस्केत्ससारखं व्हायला आवडलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले. स्पेन वर्ल्ड कप जिंकलं. मामा म्हणाले, तो इनिएस्ताने जिंकला. आता यावर काय बोलणार? गोल त्यानेच केला होता.

मामींचं मत वेगळंच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटर मिलानविरुद्ध थियागो मोत्ताचा हात लागल्यावर बुस्केत्स तोंड धरून आडवा पडला आणि पंच काय करतोय ते बोटांच्या फटीतून बघताना कॅमेऱ्यात सापडला. मोत्ताला लाल कार्ड मिळालं आणि तो फायनलला मुकला. मामींच्या लेखी बुस्केत्स म्हणजे 'ते बोटातनं बघणारं', आणि त्यापुढे त्याने काहीही केलं तरी नाव तेच. त्याच्या गुणदोषांच्या चर्चेत लोक वेग, उंची, पास सगळं मोजतात आणि हे मात्र 'चालायचंच' म्हणून सोडून देतात, ते मला आजही पटत नाही. मामींचं मत मी वहीत लिहून ठेवलं आहे.

बरं, मूळ मुद्दा. दोष काय? पाय मंद. पन्नास मीटर उघडं मैदान, समोर धावत येणारा विंगर आणि पाठीमागे कुणी नाही, अशा वेळी बुस्केत्स म्हणजे सुटलेल्या एसटीमागे पिशवी घेऊन धावणारा माणूस. गुण काय? चेंडू यायच्या आधी त्याने खांद्यावरून मागे बघून घेतलेलं असतं. त्यामुळे चेंडू आल्यावर विचार करायचा शिल्लक नसतो. एका स्पर्शात पुढे. आणि कुणी अंगावर आलाच तर तळव्याने चेंडू मागे ओढून, कंबर एकीकडे, स्वतः दुसरीकडे.

पण असे दोन रकाने मांडून हिशेब लागत नाही, हे मला बऱ्याच उशिरा, या दोघांचं ऐकून ऐकूनच कळलं. ग्वार्डिओलाच्या संघाचा नियम होता की चेंडू गेला की पाच-सहा सेकंदांत सगळ्यांनी तुटून पडायचं आणि तो परत मिळवायचा. पुढच्यांनी असं घेरलं की प्रतिस्पर्ध्याकडे घाईघाईचा एकच पास उरतो, आणि तो कुठे येणार हे बुस्केत्सला आधीच माहीत. दोन पावलं पुढे टाकली की काम झालं. तो मंद आहे हे तेव्हा कुणाला दिसलंच नाही. पुढे वर्षं गेली, पुढचे लोक वयस्क झाले, घेरणं ढिलं पडलं, आणि त्याच दोन पावलांची वीस झाली. माणूस तोच होता हो! त्याच्या भोवतालचं मैदान मोठं झालं.

१० एप्रिल २०१८, रोमा ३-०. ७ मे २०१९, लिव्हरपूल ४-०. दोन्ही वेळा पहिल्या सामन्यात तीन गोलांची आघाडी घेऊन. आणि १४ ऑगस्ट २०२०, लिस्बनमध्ये बायर्न ८-२. त्या रात्री आमच्या घरात एक विचित्र गोष्ट घडली. दोघांनी बाजू बदलल्या.

मामेभाऊ म्हणाला, "संपला. मान द्या, हार घाला आणि बसवा."

मामा म्हणाले, "त्याच्या पुढची तिघं कुठं होती ते बघ आधी."

आता इथे थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल. मामांचं हार्डवेअरचं दुकान. २०१९ मध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गल्ला मामेभावाकडे. त्याने कॉम्प्युटर आणला, माल रचून ठेवला, धंदा वाढवला, सगळं खरं. आणि वडिलांना 'तुम्ही घरी बसा, दगदग नको' हे तो काळजीपोटीच म्हणत होता, हेही खरं. मामा मात्र रिक्षा करून यायचे आणि मागच्या खुर्चीत बसायचे. उठायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की नुसती भुवई हलवायचे, या भुवईचा अर्थ उधारी द्यायची की नाही. एकदा मामेभावाने भुवईकडे दुर्लक्ष केलं आणि मोठी रक्कम अडकली. एकदा भुवईचं ऐकलं आणि चांगला ठेकेदार कायमचा दुसऱ्या दुकानात गेला. दोन्ही झालंय, म्हणून मी कुणाचीच बाजू घेत नाही.

तर त्या रात्री "बसवा" या शब्दावर मामा उठून आत गेले आणि पुढचे चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. फुटबॉलवरून. मी पुण्याहून फोनवर एकाला समजावतेय, मग दुसऱ्याला. शेवटी न राहवून मामांना विचारलं, "मामा, हे गुडघ्यामुळे आहे का?"

"गुडघ्याचा काय संबंध? फुटबॉलचं बोल," असं म्हणून फोन ठेवला.

२०२१ च्या जूनमध्ये ऑफिस घरूनच चालू होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला मुक्कामी होते. युरो चालू होती. स्पेनचा कर्णधार बुस्केत्स कोविड झाल्यामुळे पहिले दोन सामने बाहेर, आणि दोन्ही सामने बरोबरीत. २३ जूनला तो स्लोव्हाकियाविरुद्ध परतला. मी सुचवलं की आज चेंडू बघायचाच नाही, तिघांनी फक्त बुस्केत्सला बघायचं.

करून बघा एकदा. फार अवघड आहे. मोराताची पेनल्टी अडवली गेली तेव्हा मामेभाऊ फुटला. मग दुब्राव्का या गोलकीपरने उंच उडालेला चेंडू स्वतःच्याच जाळीत मारला तेव्हा मी फुटले. मामा मात्र नियम पाळून होते, आणि विसाव्या मिनिटापासून चिडलेले. कारण तो दिसतच नव्हता! कॅमेरा चेंडूमागे जातो. बुस्केत्सचं अर्धं काम चेंडू दुसरीकडे असताना चालतं, दोन पावलं सरकणं, हाताने कुणाला तरी जागा दाखवणं, पास जाईल त्या वाटेत नुसतं उभं राहणं. ते चौकटीच्या बाहेर राहतं.

"हे टीव्हीवर कळायचं न्हाई," मामा म्हणाले. "शाहू स्टेडियमला असता तर पायरीवर बसून बघितला असता. आपण बारा वर्षं काय बघून भांडतोय?"

हा मला त्या सगळ्या भांडणातला सगळ्यात खरा मुद्दा वाटतो. स्पेन ५-० जिंकलं आणि सामन्याचा मानकरी बुस्केत्स. मामेभाऊ म्हणाला, समोर स्लोव्हाकिया होतं, वेगवान संघ नव्हता. तेही बरोबरच होतं.

पुढचं भराभर सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये कतारला मोरोक्कोविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी अडली, स्पेन बाहेर, आणि त्याने राष्ट्रीय संघ सोडला. १४३ सामने. २०२२-२३ ची लीग बार्सिलोनाने त्याच्याच कप्तानीत, फक्त २० गोल खाऊन जिंकली आणि तो गेला. पुढच्या हंगामात बार्सिलोनाने ४४ गोल खाल्ले. हे दोन आकडे मामांनी दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. मामेभावाचं म्हणणं, गोलकीपर जखमी होता, बचावफळीची घडी विस्कटली होती, सगळं एका माणसाच्या नावावर कसं टाकता? मी पंच म्हणून मामेभावाच्या बाजूने निर्णय दिला. मामांनी मला दोन दिवस 'पुण्याची' म्हणून हाक मारली.

डिसेंबर २०२५ मध्ये इंटर मायामीकडून अमेरिकेची लीग जिंकून बुस्केत्सने खेळणं थांबवलं, सदतिसाव्या वर्षी. फायनल आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली. दोघांनी एकत्र बघितली, असं मामी म्हणाल्या. त्या मध्ये एकदा पाणी प्यायला उठल्या तेव्हा 'ते बोटातनं बघणारं' अजून खेळतंय हे बघून त्यांना आश्चर्य वाटलं.

आता भांडणाला नवा विषय मिळाला आहे. मामेभावाचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या संघात त्याला मधल्या पट्ट्यात उभं केलंय. मागच्या महिन्यात मी सामना बघायला गेले होते. आजोबा एका बाजूला खुर्ची टाकून, "आधी मागं बघ, मागं बघ!" बाप दुसऱ्या बाजूला, "अरे पळ की!" पोरगं एकदा इकडे बघतंय, एकदा तिकडे. तेवढ्यात चेंडू त्याच्या पायातून गेला, आणि खरोखरचा पंच, बिचारा ड्रॉइंगचा मास्तर, खेळ थांबवून दोघांनाही गप्प बसायला सांगायला आला.