चाकांचे कुलूप

लॉकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बँकेचे तळघर, पोलादी कपाट आणि आईचे दोन-चार दागिने उभे राहतात. माझ्या वर्गमित्रांना मी जेव्हा सांगितले की, वार्षिक अंकासाठी मी लॉकरवर लिहिणार आहे, तेव्हा एकाने विचारले, "का रे, काही ठेवायला मिळाले की काय?" मी ज्या लॉकरविषयी लिहिणार आहे त्यात काहीच ठेवता येत नाही. तो मोटारीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधोमध, काळ्या तेलात बुडालेला असतो. त्याचे काम एकच : दोन चाकांना एकमेकांशी बांधून टाकणे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे वळावे याचे कारण विठ्ठलवाडीत आहे. कल्याण सोडून गाडी कर्जतकडे निघाली की पहिले स्टेशन आमचे. तिथून जवळच माझ्या वडिलांचे छोटेसे गॅरेज आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे गॅरेजमध्ये इंग्रजी कागद आला की तो वाचून दाखवण्याचे काम आपोआपच माझ्याकडे येते.

मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्या जुलैत मुरबाडच्या पुढून, टोकावड्याच्या बाजूने, एक गृहस्थ आपली जुनी जीप घेऊन आले. त्यांच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा. आठवड्यातून दोनदा त्यांना आपल्या वृद्ध आईला कल्याणला दवाखान्यात आणावे लागे. जीप फोर बाय फोर होती, तरीही त्या तुकड्यात रुतायची. "मिस्त्री, चारी चाकं ओढतात म्हणतात, मग गाडी जागच्या जागी का फिरते?" असा त्यांचा प्रश्न होता. कुणीतरी त्यांना सल्लाही दिला होता, की डिफरन्शियलच्या आतले दाते वेल्डिंग करून जाम करून टाका, थोडक्यात काम होईल.

या डिफरन्शियलची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर चालावे लागते. हे अंतर किती असेल? मी कागदावर हिशेब मांडला. दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक सुमारे दोन मीटर जास्त चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. जीपच्या चाकाचा व्यास सत्तर सेंटिमीटर धरला, तर त्याचा घेर २.२ मीटर भरतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त घेते! वडिलांचा कागदावर विश्वास कमी. त्यांनी दोन्ही मागच्या चाकांवर खडूने रेघ मारली आणि आम्ही तिघांनी जीप ढकलून गॅरेजच्या कोपऱ्यावरून वळवली. वळणाआधी समोरासमोर असलेल्या रेघा वळणात एकमेकींपासून दूर गेल्या आणि वळण संपता संपता पुन्हा जवळ आल्या. बाहेरच्या चाकाने खरोखरच एक फेरा जादा मारला होता.

हा फरक सांभाळणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ते योजले असे मानतात. इंजिनाचा जोर ते दोन्ही चाकांना सारखा वाटून देते आणि फेऱ्यांची मात्र मोकळीक ठेवते. रस्त्यावर ही वाटणी सोयीची ठरते, चिखलात तीच घात करते. एक चाक निसरड्यावर आले की त्याला फिरायला जोर असा लागतच नाही. आणि वाटणी सारखी असल्यामुळे कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. एक चाक भिरभिरते आणि दुसरे स्वस्थ बसते. फोर बाय फोर गाडीत हीच कथा पुढच्या आणि मागच्या एक्सलवर वेगवेगळी घडते. पुढचे एक चाक फिरते, मागचे एक फिरते, उरलेली दोन तमाशा पाहतात. गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

मग यावर उपाय म्हणजे लॉकर. दोन्ही चाके बांधली की ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढते. पण बाजारात लॉकर एका जातीचा नाही. मी दोन-तीन कंपन्यांची इंग्रजी माहितीपत्रके मिळवून रोज संध्याकाळी वडिलांना मराठीत सांगू लागलो. त्यांत चिखल, दगड, वाळू आणि उंच चढ यांची रंगीत चित्रे होती. वडील सगळे ऐकून घेत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत : "वळणावर काय करतो, ते लिहिलंय का बघ."

सुरुवातीला मला हा प्रश्न आडवळणाचा वाटला. गाडी अडकते चिखलात, वळणाचे काय? पुढे ध्यानात आले की, ती जीप महिन्यातून फार तर तासभर चिखलात असणार आणि उरलेला सारा वेळ डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर, तोही भर पावसात, मागच्या सीटवर आजारी बाई बसलेली असताना. चिखलातला तास कसा काढायचा हे जितके खरे, तितकेच बाकीचे तास कसे काढायचे हेही खरे.

त्या प्रश्नाच्या कसोटीला वेल्डिंगचा उपाय पहिल्याच फटक्यात उतरेना. जाम केलेले डिफरन्शियल वळणावरही जामच राहते. वळणाचा तो एक जादा फेरा मग टायर रस्त्यावर घासून भरून काढतो. टायर झिजतात, एक्सलला पीळ बसतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. वडिलांनी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले, "भाऊ, शेतातच राहणारी गाडी असती तर विचार केला असता. ही गाडी कल्याणच्या गर्दीत यायची आहे. हे काम माझ्या हातून होणार नाही."

दुसरी जात लिमिटेड स्लिपची. हिच्यातल्या एका प्रकारात क्लचच्या चकत्या असतात. त्या दोन्ही चाकांतला फरक थोडा रोखतात, पूर्ण बांधत नाहीत. वळणावर स्वभावाने सालस. पण एक चाक अधांतरी झाले की त्यांचा जोर अपुरा पडतो. शिवाय चकत्या झिजतात आणि तेलही वेगळे लागते. ज्याची गाडी बहुतेक शहरातच आहे त्याला ती पुरेशी आहे.

तिसरी जात आपोआप लागणाऱ्या लॉकरची. अमेरिकेतील ईटन कंपनीचा 'डेट्रॉइट लॉकर' हा त्यातला जुना नावाजलेला. हा एरवी बांधलेलाच असतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला पुढे पळण्यापुरता सोडतो. नळी नको, बटण नको. पण सोडताना आणि पुन्हा धरताना तो खटखट वाजतो, मधूनच झटका देतो, आणि वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर दोन्ही चाके धरून बसतो. आखूड जीपमध्ये हे सारे अधिक जाणवते. निसरड्या रस्त्यावर दोन्ही मागची चाके एकदम सुटली तर गाडीचे शेपूट बाजूला सरकते. कसलेला चालक हे सांभाळून घेईल. पण कुलूप कधी लागावे हे इथे माणूस ठरवत नाही.

याच घराण्यातली एक शहाणी शाखा आहे. तिच्यात दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, तरच आतली छोटी वजने बाहेर फेकली जातात आणि कुलूप लागते. साधारण ताशी तीस किलोमीटरच्या वर ते लागतच नाही. महिंद्रच्या थारमध्ये २०१५ साली आणि पुढे २०२० च्या नव्या थारच्या काही प्रकारांत असे कुलूप कारखान्यातूनच आले. घरच्या रस्त्यालाही चालणारे हे कुलूप वडिलांना पसंत पडले. परंतु या जुन्या जीपच्या एक्सलला बसेल असा नग आम्हाला मिळाला नाही. अलीकडच्या काही गाड्यांत, जसे २०२३ ची जिम्नी, भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवतात. त्याला चाकाचा वेग मोजणारी यंत्रणा लागते आणि जुन्या जीपमध्ये ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

उरली शेवटची जात, माणसाच्या हुकमाची. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचा लॉकर हवेच्या दाबाने लागतो. त्याला छोटा कॉम्प्रेसर आणि बारीक नळी लागते. काही विजेवर चालतात. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना असे लॉकर कारखान्यातूनच येतात. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा ते गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या ट्रॅक्टरचा पायडलच की!" ते अगदी खरे होते. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले की शेतकरी टाचेने पायडल दाबतो, आणि बांधाशी वळायच्या आधी पाय काढून घेतो. माहितीपत्रकातून मी तीन दिवस खटपट करून जे समजून घेतले, ते त्यांच्या टाचेला वर्षानुवर्षे ठाऊक होते. 'वळणावर काय करतो?' या प्रश्नाला या जातीचे उत्तर सर्वांत सरळ होते : कुलूप काढलेले असेल, तर साध्या डिफरन्शियलसारखा वागतो.

खर्च मात्र सर्वांत जास्त याचाच. तेव्हा वडिलांनी क्रम लावून दिला. त्या पावसाळ्यापुरते खोल नक्षीचे टायर. चिखलात शिरताना टायरमधली हवा तीस पौंडांवरून अठरा-वीसवर आणायची आणि डांबरावर येताच पुन्हा भरायची. आणि सर्वांत वाईट पन्नास पावलांवर मुरूम टाकायचा. भात निघाल्यावर, डिसेंबरात, हवेवर चालणारा लॉकर बसवला, तोही फक्त मागे. पुढे बांधले की स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळायला नाखूश होते, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आधी मागचाच. नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही, म्हणून आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्यायलाही वडिलांनी बजावले. गाडी सोपवताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुलूप लावल्यावर इंजिनाचा सगळा जोर एकट्या चाकाच्या एक्सलवर येऊ शकतो. म्हणून कुलूप लावायचे ते चाक भिरभिरू लागण्याआधी, गाडी हळू असताना. आणि मग ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवायचा.

कॉलेजात आल्यापासून मला पुष्कळ नवे शब्द मिळाले. त्यांच्या बळावर मी पाच जातींचे लॉकर समजावून दिले याचे मला समाधान आहे. पण कोणता घ्यायचा हे ठरले ते माहितीपत्रकात न छापलेल्या एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न सातवी शिकलेल्या माणसाचा होता. वस्तू आपल्या अवघड वेळी काय करते हे विकणारा सांगतोच. ती आपल्या रोजच्या वेळी काय करील, हे आपले आपणच विचारावे लागते.

यंदाच्या पावसाळ्यात ती जीप आमच्या गॅरेजवर तेल बदलायला आली होती. मागच्या सीटवर आजी बसल्या होत्या. लॉकर कसा चालतो असे मी विचारले, तर गृहस्थांच्या आधी त्याच बोलल्या, "चिखलातून निघते रे बाबा. पण डांबर लागलं की मीच याला विचारते, कुलूप काढलंस का?"