वेताविना वेताचें गांव

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, जकार्ताच्या पूर्वेस, चिरेबोन नांवाचें जुनें बंदर आहे. त्याच्या जवळचें तेगलवांगी हें गांव वेताच्या खुर्च्यांसाठीं व कोचांसाठीं प्रसिद्ध आहे. प्रवाशास येथें पहिलें नवल वाटतें तें हें कीं, ज्या वेतावर हें गांव जगतें तो भोंवतालच्या शेतांत उगवत नाहीं. बोर्निओ, सुलावेसी आणि सुमात्रा या बेटांच्या रानांतून तो समुद्र ओलांडून येतो.

वेत हा बांबूचा सोयरा, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः बांबू हें गवत. तें आंतून पोकळ असतें. वेत ताडामाडांच्या कुळांतला असून आंतून भरीव असतो. मात्र माडासारखें स्वतःच्या बळावर उभें राहणें बहुतेक वेतांस साधत नाहीं. आंकड्यांसारख्या कांट्यांनीं शेजारच्या वृक्षांस धरीत ते उजेडाकडे चढतात. कांहीं जातींचे वेल १०० मीटरांहूनही लांब वाढतात. वृक्ष तोडला, तर वेताचा आधारच तुटतो. म्हणून वेत हें उभ्या रानाचें पीक होय.

तोडलेल्या वेलावरील कांटेरी आवरण रानांतच ओढून काढतात. जाड वेत तेलांत उकळून त्यांतील पाणी व चीक घालवितात आणि मग उन्हांत वाळवितात. कारखान्यांत वाफ देऊन तो मऊ झाला, कीं कारागीर सांच्यावर त्याला हवा तसा वांकवितो. निवल्यावर तो वांक कायम राहतो. बारीक वेताची तुकतुकीत साल सोलून तिच्या पट्ट्या काढतात. त्यांनीं सांधे आवळतात व बैठका विणतात. आंतला गाभाही टोपल्या विणण्यास उपयोगी पडतो.

बैठक विणतांना साल ओली ठेवतात. वाळतांना ती आवळून जाळी ताठ बसते. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यानें १८५९ सालीं काढलेल्या सुप्रसिद्ध खुर्चीची बैठकही अशाच सालीची होती. आपल्या वाड्यांच्या ओसरीवरील आरामखुर्चीला हीच जाळी असे. तींतून वारा खेळतो, अंगाला घाम चिकटत नाहीं, आणि जाळी झिजली तरी सांगाडा शाबूत राहतो. फक्त बैठक नवी विणून घेतली, कीं आजोबांच्या खुर्चींत नातू बसतो. आपल्याकडे अंधशाळांतूनही हें काम शिकविलें गेलें आहे. बोटांना भोंकांचा हिशेब कळला, कीं डोळ्यांवांचून अडत नाहीं.

पण या सुबक वस्तूमागें दोन गरिबांच्या पोटांचा प्रश्न आहे. कच्चा वेत परदेशीं गेला, तर देशांतील कारागिरांस काम उरणार नाहीं, या विचारानें इंडोनेशियानें १९८६ सालीं त्याच्या निर्गतीवर बंदी घातली. २००५ सालीं ती सैल झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून पुन्हां लागू झाली. विणणाऱ्याची सोय झाली. परंतु परदेशचें गिऱ्हाईक तुटतांच रानांतून वेत काढणाऱ्याचा भाव उतरला. बोर्निओंतील दायाक लोक भात काढून झालेल्या जमिनींत वेत लावीत आणि त्याच्याभोंवतीं रान वाढूं देत. वेतास किंमत उरली नाहीं, तर तें रान राखावयाचें कशासाठीं? अशा कित्येक वेतबागा आज तेलताडाच्या लागवडीखालीं गेल्या आहेत.

तेव्हां घरची वेताची बैठक सैल झाली, तर गृहिणींनीं खुर्ची अडगळींत टाकूं नये. खालच्या बाजूस गरम पाण्यांत भिजविलेला फडका कांहीं वेळ ठेवून ती वाळूं द्यावी. पुष्कळदां जाळी पुन्हां ताठ होते. तुटलीच, तर विणणारास बोलवावें. नवी घेतांना प्लास्टिकची नक्कल कोणती व खरा वेत कोणता, हें पारखून घ्यावें. खऱ्या वेताच्या किंमतींतला वाजवी वांटा रान राखणाऱ्यापर्यंत पोंचला, तरच ही कला टिकेल. तेगलवांगीच्या कारागिराचें कसब कितीही मोठें असो, त्याचा वेत चढतो तो दुसऱ्यानें राखलेल्या झाडावर.