सिंहासनाविना साडेतीनशे वर्षं

‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ हा डावपेचांचा ऐतिहासिक खेळ 11 नोव्हेंबर 1444 या दिवशी सुरू होतो. नकाशावर बहमनी सुलतानीचा रंग पसरलेला असतो, राजधानी बीदर. आमचं अंबाजोगाई त्याच रंगाखाली येतं. प्रांतावर क्लिक केलं की एका ओळीत दिसतं, संस्कृती : मराठी. शेजारी ती बदलण्याचं बटण. राजनैतिक गुण खर्च करा, काही वर्षं थांबा; प्रांत मराठी उरत नाही.

अंबाजोगाईत बसून मी या खेळाचे मॉड लिहितो. मूळ खेळाच्या मजकुराच्या फायलींत आपली माणसं, आपले प्रसंग घालायचे, हे ते काम. ते बटण मला पहिल्यापासून सलत आलंय.

बास्क लोकांचंही खेळात असंच होतं. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे हे पट्टीचे दर्यावर्दी; 1522 साली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेला एल्कानो त्यांच्यातलाच. खेळात त्यांच्या वाट्याला नवार्रा हे चिमुकलं राज्य येतं. मोठ्या शेजाऱ्यानं ते गिळलं की बास्क म्हणून करण्यासारखं काही उरत नाही. प्रत्यक्षात कॅस्टिलनं 1512 मध्ये नवार्राचा मोठा भाग घेतला, पण बास्क भाषा आजही घराघरांत बोलली जाते.

या खेळांना संस्कृती दिसते ती सिंहासनावरून. ‘एम्पायर : टोटल वॉर’ 1700 सालापासून सुरू होतो आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं, कारण तेव्हा मराठ्यांची फौज औरंगजेबाशी झुंजत होती. पण देवगिरीचं यादव राज्य 1318 च्या सुमारास संपलं आणि शिवरायांचा राज्याभिषेक झाला 1674 मध्ये. मधल्या साडेतीनशे वर्षांत मराठी कुणी सांभाळली? गावात पाटील-कुलकर्णी होते, परगण्यात देशमुख-देशपांडे. वारी होती, मठ होते. सुलतान बदलले तरी वतनं चालत राहिली, गावचा हिशेब मराठीतच राहिला. माझ्या मॉडचा जीव या मधल्या काळात आहे.

संतकवी दासोपंतांचा प्रसंग लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांचे वडील नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळात वसुली थकली, तेव्हा बीदरच्या दरबारानं कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतलं, अशी परंपरा सांगते. मुदत संपता संपता एक पाडेवार, म्हणजे महार, येऊन सगळी रक्कम भरून गेला. तो दत्तात्रेयच, ही भाविकांची श्रद्धा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतही बीदरचा भरणा महाराच्या रूपातला विठ्ठल करतो. गावचा वसूल खजिन्यापर्यंत पोचवणं हे महार वतनदाराचं काम होतं, म्हणून देवानंही तेच रूप घेतलं असं मला वाटतं. भरणा नेणाऱ्या या माणसाला कुठल्याही खेळात जागा नाही. ती मला करायची होती.

फाईलमध्ये आधी अटी येतात : प्रांत मराठी हवा, दुष्काळ हवा, खजिना आटलेला हवा. मग खेळणाऱ्यापुढे पर्याय. थकबाकी माफ केली तर तिजोरी रिकामी होते, असंतोष उतरतो. देशपांड्याचा मुलगा ओलीस ठेवला तर पैसा येतो, पण वतनदार फिरतात. अशा वेळी कधीमधी तिसरी ओळ उघडते, पाडेवार भरणा घेऊन येतो. त्यानंतर त्या प्रांताची संस्कृती बदलण्याचा खर्च मी इतका चढवून ठेवलाय की कुणी ते बटण दाबायला धजत नाही.

पुढं दासोपंत अंबाजोगाईला स्थिरावले आणि 1615 मध्ये इथंच समाधिस्थ झाले. त्यांची पासोडी, म्हणजे सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापडावर लिहिलेलं ‘पंचीकरण’, खेळात कशी आणायची? असल्या गोष्टीला खेळ राजाची प्रतिष्ठा वाढवून मोकळा होतो. मी राजाला एकही गुण दिला नाही. पासोडी कुठल्या सुलतानानं लिहून घेतली नव्हती. वाढते ती फक्त प्रांताची चिकाटी.

एक खंत आहे. हा खेळ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशसाठी घडवलेला. देवनागरीची जोडाक्षरं त्याच्या अक्षरसाच्यात बसत नाहीत. त्यामुळे दासोपंतांचं नाव मला रोमन अक्षरांतच लिहावं लागतं.

खेळातला सुलतान रंगवायला तवारिखा पुरतात. देशपांडे, कुलकर्णी, पाडेवार खरे उतरायचे तर गावोगावचे कागद लागतात : कोणत्या साली किती सूट मिळाली, भरणा कुणी नेला, कुणाला ओलीस धरलं. तुमच्या घरी माळ्यावर मोडीतलं जुनं दप्तर असेल, तर वाळवी लागण्याआधी ते मोडी वाचणाऱ्याला दाखवा.