कूलंट जातंय कुठं?

आजची नोंद पिकाची नाही, पिकअपची आहे. पण टोमॅटोचे तोडे चालू असताना गाडी दगा देते तेव्हा काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

झालं असं, 60 क्रेट भरून नारायणगावला निघालो होतो. चंदनापुरी घाटात टेम्परेचरचा काटा लालकडे सरकायला लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली रिकामी. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडायची नाही, हे चुलत्यांच्या हातावरचा डाग बघून लहानपणीच शिकलोय. पाऊण तास बसून राहिलो, मग पाणी ओतलं आणि हळूहळू गेलो. पोचेपर्यंत बाजार उतरला होता.

पुढचे आठ-दहा दिवस दर दोन दिवसांनी लिटरभर बोअरचं पाणी ओतत होतो. खाली मात्र एक थेंब नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला, तो सकाळी कोरडा. गॅरेजवाला म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल. 18-20 हजार धरा." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पान पिवळं दिसलं की न बघता युरिया टाकणाऱ्याला मी हसतो, आणि स्वतः तेच करायला निघालो होतो.

गावात ट्रॅक्टरचे जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "हेड उतरवायची घाई कशाला रं? आधी पाणी कुठं जातंय ते तर बघ."

मामांनी आधी ऑइलची पट्टी काढली. गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. आमचं काळंच होतं. थंड इंजिनवर टोपी काढून गाडी चालू केली, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूरही नाही. म्हणजे गळती बाहेरच असणार, फक्त दिसत नव्हती.

मग त्यांनी टोपीच्या जागी प्रेशरचा हातपंप बसवला आणि टोपीवर लिहिलंय तेवढंच, साधारण 1 किलो प्रेशर दिलं. आपण ड्रिपला ठेवतो तेवढंच हो! काटा हळूहळू उतरायला लागला. मोबाईलची बॅटरी मारून बघितलं, तर इंजिनच्या वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक, भोवती हिरवट पापुद्रा, आणि दहा मिनिटांनी तिथून एक थेंब. गाडी गरम होऊन प्रेशर आलं की गळायचं आणि तापलेल्या इंजिनवरच वाळून जायचं.

ते भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून. काहीजण ते एम-सीलनं बुजवतात. तसं करू नका, पंप जाम होईल.

पंप उतरवला आणि आत बघून मलाच लाज वाटली. पांढरा क्षार आणि गंज. याच बोअरच्या पाण्यानं ड्रिपर चोक होतात म्हणून मी ॲसिड सोडतो, आणि तेच पाणी रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत ओतत होतो. पाणी तापलं की क्षार आणखी लवकर बसतो. रेडिएटर धुऊन घेतला, नवा पंप आणि पॅकिंग टाकलं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हे मिश्रण 107-108 अंशांच्या आसपास उकळतं, टोपीच्या प्रेशरनं त्याच्याही वर. शिवाय गंज धरत नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी काटा परत वर! रात्रभर डोक्यात हेड गॅस्केटच फिरत होतं. सकाळी मामा हसले, "हवा काढली का?" नव्हती काढली. थंड गाडी टोपी उघडी ठेवून चालू केली. वरचा पाईप गरम झाला, बुडबुडे आले, पातळी खाली गेली, तेवढं परत भरलं.

सगळा खर्च 4 हजारांच्या आत. एक सांगायचं राहिलं, काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, आणि कुत्र्यासाठी, जनावरांसाठी विष आहे. आमचं कॅनमध्ये भरून ठेवलंय.

बाटलीवर मार्करनं खूण केलीय. त्यानंतर भरल्या गाडीनं चार वेळा घाट चढलोय. आज सकाळी बघितलं, कूलंट खुणेवरच आहे. वरचा पाईप तेवढा हाताला मऊ लागतोय, तो या तोड्यानंतर बदलतो.